जुन्या वर्कस्टेशनचं वीजबिल कमी करताय? या चुका टाळा

२०१२-१३ च्या सुमाराची एचपी झेड४२०, झेड६२० किंवा डेल प्रिसिजन टी५६०० ही वर्कस्टेशन्स, म्हणजे जड कामासाठी बनवलेले दणकट डेस्कटॉप, आज रिफर्बिश्ड बाजारात स्वस्तात मिळतात. इंटेलचा झिऑन प्रोसेसर, भरपूर ईसीसी (चुका स्वतः सुधारणारी) रॅम, जाडजूड पत्र्याची बॉडी. डीटीपी, रेंडरिंग (थ्रीडी किंवा व्हिडिओचं अंतिम चित्र तयार करणं), व्हिडिओ एडिटिंग अजून दणक्यात होतं. मग एक-दोन बिलं आली की विचारणा सुरू होते: प्रोसेसर बदलू का? एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) छोटा लावू का? माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असतं. अशा मशीनवर दिवसातला कितीतरी वेळ नुसता ब्राउझर उघडा असतो किंवा कुणी समोर नसतंच, आणि बिल फुगतं ते या रिकाम्या वेळात.

लेबल वाचून हिशोब करणं

झेड४२० च्या एसएमपीएसवर ६०० वॅट लिहिलंय म्हणून मशीन ६०० वॅट खात नाही. तो पुरवठ्याचा वरचा आकडा आहे. त्यामुळे आधी मोजा. सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर किंवा युनिट दाखवणारा स्मार्ट प्लग असेल तर उत्तम. नसेल तर घराचा वीजमीटर आहेच. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० इम्पल्स प्रति युनिट असा काहीतरी आकडा छापलेला असतो. फ्रिज, पंखे, इन्व्हर्टर सगळं बंद करा, फक्त वर्कस्टेशन चालू ठेवा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३२०० वाल्या मीटरसाठी ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, आलेलं उत्तर म्हणजे वॅट. साडेसात सेकंद लागले तर १५० वॅट. मीटरवर आकडा वेगळा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागा आणि येणारी संख्या ११२५ च्या जागी घ्या. रिकाम्या डेस्कटॉपवर एकदा मोजा, रेंडर लावून एकदा मोजा. पुढचा प्रत्येक बदल या दोन आकड्यांवर तपासायचा. मॉनिटर आणि यूपीएस वेगळे मोजा, नाहीतर त्यांचे वॅटही मशीनच्या नावावर जमा होतात.

कमी टीडीपीचा (लेबलवर कमी वॅटचा) प्रोसेसर घेणं

ही सगळ्यात महागडी गैरसमजूत. ई५-२६७० चा टीडीपी ११५ वॅट, ई५-२६५०एल व्ही२ चा ७० वॅट. वजाबाकी केली की ४५ वॅटची बचत दिसते आणि ऑर्डर जाते. पण टीडीपी हा पूर्ण लोडखालच्या उष्णतेचा आकडा आहे. रिकामं असताना दोन्ही चिप जवळपास सारख्याच निजतात, मीटरवर फरक जेमतेम दिसतो. वर, ‘एल’ चिपचा वेग कमी असल्यामुळे तेच रेंडर जास्त वेळ चालतं आणि तेवढा वेळ बाकीचं मशीनही जागं राहतं.

झेड६२० सारख्या दोन प्रोसेसरच्या मशीनची गोष्ट मात्र निराळी. तिथे दुसरा प्रोसेसर आणि त्याची रॅम एका वेगळ्या रायझर बोर्डावर, म्हणजे मदरबोर्डमध्ये खोचलेल्या जादा बोर्डावर असते. काम एकावर भागत असेल तर तो बोर्डच काढून ठेवा, रिकाम्या वेळची वीज खरोखर उतरते. फक्त त्या बोर्डावरची रॅमही जाते हे लक्षात असू द्या. ज्या मशीनमध्ये दोन्ही सॉकेट मदरबोर्डवरच आहेत तिथे कार्ड खोचायचे काही पीसीआय एक्सप्रेस स्लॉटही दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात. ‘प्रोसेसर काढला आणि कार्ड दिसेनासं झालं’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच सापडतं. उघड्या सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण लावायला विसरू नका. त्यातल्या पिना वाकल्या की बोर्ड गेलाच समजा.

‘हाय परफॉर्मन्स’ लावून विसरणं

विंडोजच्या या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची किमान पातळी १०० टक्के असते. म्हणजे तुम्ही चहाला गेलात तरी प्रोसेसरची घड्याळगती (क्लॉक स्पीड) खाली येत नाही. ‘बॅलन्स्ड’ वर आणा. तरीही गती उतरली नाही तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये जा. एचपीमध्ये ‘रनटाइम पॉवर मॅनेजमेंट’ आणि ‘आयडल पॉवर सेव्हिंग्ज’, डेलमध्ये ‘सी-स्टेट्स’ आणि ‘स्पीडस्टेप’ चालू आहेत का पाहा. ऑडिओवाल्यांचं वापरलेलं मशीन घेतलं असेल तर ही सगळी सेटिंग्ज मुद्दाम बंद केलेली सापडू शकतात. आवाजात टिकटिक येऊ नये म्हणून ते तसं करतात.

बायोस नीट लावूनही काही दिवसांनी सगळं पूर्ववत होत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल तपासा. रात्री भिंतीवरचं बटण बंद करणाऱ्यांकडे तो लवकर संपतो, कारण एरवी बोर्डाचं घड्याळ एसएमपीएसच्या स्टँडबाय विजेवर चालतं. लिनक्सवाल्यांसाठी एकच सूचना: प्रोसेसरची गती सांभाळणाऱ्या इंटेल पी-स्टेट ड्रायव्हरमधला ‘पॉवरसेव्ह’ पर्याय गती तळाला बांधून ठेवत नाही, लोड आला की वर नेतो. बिनधास्त वापरा.

ग्राफिक्स कार्डाकडे दुर्लक्ष

अनेक मशीन एनव्हिडियाच्या जुन्या क्वाड्रो ग्राफिक्स कार्डासकट येतात. फर्मी पिढीतलं क्वाड्रो ४००० कमाल १४२ वॅट घेतं, २०१७ चं क्वाड्रो पी४०० फक्त ३०. डीटीपी, टॅली, ऑटोकॅडचं द्विमितीय ड्रॉइंग एवढंच करत असाल तर पैसे इथे घाला. बदलायचंच नसेल तर निदान मॉनिटर तपासा. वेगवेगळ्या रिझोल्यूशनचे किंवा रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर जोडले की काही कार्डं आपल्या मेमरीची गती खाली आणतच नाहीत. रिफ्रेश रेट सारखा करून परत मोजा, कधीकधी एवढ्यानेच काम होतं. कार्ड पूर्ण काढून पाहण्याचा प्रयोग मात्र करू नका. या ई५ झिऑनमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं, स्क्रीन काळीच राहील.

पंखे काढणं

पुढचा पंखा काढला की बूट होताना ‘पंखा सापडत नाही’ म्हणून मशीन थांबतं. त्याहून वाईट म्हणजे आतलं काळं प्लास्टिकचं आवरण अडगळ समजून काढून टाकणं. त्या आवरणामुळेच हवा रॅमवरून आणि व्होल्टेज रेग्युलेटरवरून जाते. ते नसलं की उरलेले पंखे जोरात फिरतात, आणि तापलेली चिप तेवढ्याच कामाला थोडी जास्त वीज घेते. त्यापेक्षा ब्लोअरने धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला. उन्हाळ्यात एसी लावून बसत असाल तर मशीनचा प्रत्येक वॅट खोलीत उष्णता होऊन पडतो आणि तो बाहेर टाकायला एसी आणखी वीज घेतो.

एसएमपीएस बदलण्याच्या फंदात पडू नका. एचपी-डेलच्या या मशीनला बाजारातला साधा एटीएक्स मापाचा एसएमपीएस थेट बसत नाही. समजा बसवलाच आणि कार्यक्षमता ८५ वरून ९० टक्क्यांवर गेली, तरी १२० वॅटच्या लोडवर बचत सात-आठ वॅटच्या आसपास. रिकाम्या फिरणाऱ्या जुन्या साडेतीन इंची हार्ड डिस्क काढल्या तर प्रत्येकी साधारण पाच-सहा वॅट सुटतात, तेही स्क्रूड्रायव्हरच्या खर्चात.

स्लीप चालत नाही म्हणून रात्रभर चालू ठेवणं

खरा पैसा इथे आहे. रिकामं मशीन ११० वॅट घेतंय आणि रोज १४ तास विनाकारण चालू आहे असं धरा. स्लीपमध्ये ते ५ वॅटवर आलं तर महिन्याला ४४ युनिट वाचतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणजे ही बचत तुमच्या सर्वांत महागड्या टप्प्यातून वजा होते.

मशीन झोपतच नसेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ला ‘रिक्वेस्ट्स’ जोडून (powercfg /requests) चालवा. कोण जागं ठेवतंय त्याचं नाव येतं. बऱ्याचदा तो ऑडिओ ड्रायव्हर किंवा शेअर केलेल्या फोल्डरमधली उघडी फाइल निघते. आपोआप जागं होत असेल तर ‘लास्टवेक’ जोडा (powercfg /lastwake), कुणी उठवलं ते कळतं. नेटवर्क कार्ड निघालं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याला ‘फक्त मॅजिक पॅकेटवर (नेटवर्कवरून मुद्दाम पाठवलेल्या उठवण्याच्या संदेशावर) जागं हो’ असं सांगा.

आणि दिवसभर मेल, हिशोब, यूट्यूब एवढंच चालत असेल तर त्यासाठी वापरलेला छोटा मिनी पीसी घ्या, रिकामा असताना तो दहा-पंधरा वॅटमध्ये भागवतो. वर्कस्टेशन टेबलाखाली झोपलेलं राहू द्या आणि रेंडर लावायचा असेल तेव्हा मिनी पीसीवरून मॅजिक पॅकेट पाठवून उठवा.