धाडसाने, बेधडक, छातीठोकपणे… कुठे काय वापरायचं?

गोष्टीत कोणी जरा हिंमत दाखवली की आपण लगेच 'धाडसाने' लिहून मोकळे होतो, पण मराठीत यासाठी इतके शब्द आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी आहे. आधी हे बघा की भीती आहे का नाही. भीती असूनही पुढे गेला तर 'हिमतीने' किंवा 'धाडसाने', भीतीच नसेल तर 'निर्भयपणे', 'बेडरपणे'. 'शौर्याने' मात्र लढाईसाठी राखून ठेवा, "त्याने शौर्याने ईमेल पाठवला" म्हटलं की लोक हसणारच (विनोदच करायचा असेल तर मस्त).

सगळ्यात जास्त घोळ 'बेधडक' आणि 'बिनधास्त'चा होतो. बेधडक म्हणजे मागचापुढचा विचार न करता, त्यात कौतुकही असतं आणि कधी टोमणाही, "तो बेधडक खोटं बोलतो" असंही म्हणतोच की आपण. बिनधास्त म्हणजे धास्तीच नाही, "काय विचारायचं ते बिनधास्त विचार" यात शौर्य वगैरे काही नाही, फक्त मोकळीक. आणि 'छातीठोकपणे' बहुतेक सांगण्याबोलण्यालाच शोभतं, छातीठोकपणे नदीत उडी मारली हे कानाला खटकतं, तिथे 'बेधडक' घाला.

व्याकरण सोपंय, शूर, धीट, निडर ही विशेषणं, त्यांना 'पणे' लावा, धाडस, धैर्य अशा नामांना 'ने', आणि बेधडक, बिनधास्त तसेच चालतात. लिंगवचनाप्रमाणे काही बदलत नाही, ती धीटपणे बोलली, ते धीटपणे बोलले. शक्यतो क्रियापदाच्या जवळ ठेवा. मला स्वतःला 'न डगमगता' जास्त आवडतं, चित्रच उभं राहतं.