वायरलेसचा सेट बदलायच्या आधी केबल पाहा: गाडीवाल्यांनो, या चुका टाळा

वणी-चंद्रपूर पट्ट्यात कोळशाच्या टिपरवर अन् जीपवर वायरलेस बसवायचं काम मी बरीच वर्षं करून राहिलो, आणि दर पावसाळ्यात फोन एकच, "भाऊ, समोरच्याचा आवाज येते पण आपला जात नाही, सेट गेला वाटते." सेट क्वचितच गेलेला असतो राजेहो.

एका टिपरचा सेट तीनदा बदलून झाला होता. तिथल्या पोट्ट्याने सेटच्या मागे मीटर लावून मला दाखवलं, एसडब्ल्यूआर (गेलेल्या पॉवरपैकी किती परत येते ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) १.२, म्हणे केबल-अँटेना ओके. मी केबिनवर चढून अँटेनाखालचा कनेक्टर उघडला तर पाणी टपकन हातावर पडलं. केबलचं काळं कव्हर सोलत गेलो, दीड हातापर्यंत तांब्याची जाळी हिरवीकाळी, कारण जाळी वातीसारखं पाणी ओढते. मग मीटर चांगला कसा? तर ओली केबल वर जाणारी पॉवर खाते आणि अँटेनावरून परतणारीही खाते, मग मीटरला परत आलेलं काही दिसतच नाही. केबल सडली की आकडा उलट सुधारते, हे घाई करणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. मी अँटेना काढून तिथे वॉटमीटर आणि ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावतो. त्या दिवशी सेटमधून २५ वॉट निघत होते, वर पोचले ६. पाच मीटरच्या चांगल्या आरजी-५८ मधून (ही गाडीवर लागणारी ५० ओहमची बारीक केबल) २० च्या आसपास तरी पोचायला पाहिजे.

अशी केबल कापून जोडू नका, पूर्ण बदला. कनेक्टरवर नुसता काळा इन्सुलेशन टेप मला चालत नाही, मे महिन्यात ४५ डिग्रीत त्याचा गोंद सुटते अन् जूनमध्ये पाणी आत. मी आधी स्वतःलाच चिकटणारा रबरी टेप ताणून गुंडाळतो, त्यावर काळा, आणि तो खालून वर, कवेलू रचतात तसा, म्हणजे पाणी वरच्या वर ओघळते. केबल केबिनमध्ये शिरायच्या आधी खाली एक झोळ सोडतो, म्हणजे पाणी तिथूनच टपकते.

डिश टीव्हीची उरलेली केबल लावणारे तर दर महिन्याला भेटतात. ती ७५ ओहमची, आपला सेट ५० चा, दोन्ही जुळत नाही; घरी पडून होती म्हणून गाडीवर चढवायची नसते.

बाभळीच्या फांद्या लागतात म्हणून अँटेनाची काडी कापू नका, १५० मेगाहर्ट्झला क्वार्टर वेव्ह (लहरीच्या लांबीचा चौथा भाग) साधारण ५० सेंटीमीटर लागते. ब्रॅकेटखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करा, मगच नट आवळा. चुंबकाचा बेस असेल तर खालची कोळशाची धूळ आठवड्याला पुसा. केबल दाराच्या फटीतून नेऊन दार आपटलं की आतली तार दबते. सप्लाय सरळ बॅटरीवरून घ्या, फ्यूज बॅटरीजवळच. आणि अँटेना काढलेली असताना पीटीटी (माईकवरचं बोलायचं बटन) दाबू नका, तेव्हा मात्र सेट खरंच जाऊ शकतो.