‘गाजावाजा’ इंग्रजीत लिहिताना नेमका शब्द कसा निवडावा

मराठीतील ‘गाजावाजा’ हा शब्द फार सोशीक आहे. तो वरातीला चालतो, नव्या दालनाच्या उद्घाटनाला चालतो आणि पुढाऱ्याच्या पोकळ घोषणेलाही चालतो. इंग्रजीत या तिन्हींसाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यांतील बहुतेकांत कमीअधिक कुचेष्टा दडलेली असते. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारकडील ज्यांना बातमी, निमंत्रण किंवा जाहिरात इंग्रजीत लिहावी लागते, त्यांनी शब्दकोश उघडण्याआधी एवढे ठरवावे, की हा गलबला कोणी गिऱ्हाईक जमवण्यासाठी मुद्दाम उठवला आहे, की माणसे जमली म्हणून तो आपोआप झाला आहे.

मुद्दाम उठवलेल्या गाजावाजाचे उत्तम उदाहरण यात्रेत सापडते. ‘मौत का कुआँ’च्या बाहेर लाकडी मंचावर एक जण मोटारसायकलचा कान पिळत असतो, दुसरा माइकवरून ‘खेळ आता सुरू होणार’ असे सांगत असतो, आणि खेळ मात्र तिकिटे खपल्याखेरीज सुरू होत नाही. या प्रकाराला ‘बॅलिहू’ म्हणावे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील फिरत्या जत्रांमध्ये तंबूबाहेर फुकटचा नमुना दाखवून गर्दी खेचण्याला हेच नाव होते. पुढे ते कोणत्याही भडक प्रसिद्धीला लागले. झगमगाट, नाचगाणी आणि दिव्यांची रोषणाई यांवर भर असेल, तर ‘रॅझमटॅझ’ अधिक शोभतो. ‘हूपला’ही त्याच घरातला आहे, पण ब्रिटनमध्ये याच नावाचा, कड्या फेकून वस्तू जिंकण्याचा जत्रेतील खेळ असल्यामुळे तेथील वाचकासाठी लिहिताना संदर्भ स्पष्ट ठेवावा.

‘हाइप’ला मंच लागत नाही, ढोलही लागत नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तेव्हा एखाद्या घोड्याची किंमत, सौदा होण्याच्या कितीतरी आधी, तोंडातोंडी आणि मोबाइलच्या पडद्यावर फुगत जाते. ती मालकाने किंवा दलालाने फुगवली असेल, तर तो हाइप. घोडा पाहून आलेल्यांच्या बोलण्यातून चर्चा आपसूक पसरली असेल, तर तो ‘बझ’. बझ बहुधा कौतुकाचा असतो. हाइपमध्ये मात्र वस्तू त्या बोलबाल्याला पुरी पडेल का, ही शंका गृहीतच असते. अमेरिकी बोलीत 1920च्या दशकात हा शब्द सुट्या पैशांत फसवण्यासाठी वापरला जाई, हे लक्षात ठेवले तर तो स्वतःच्या निमंत्रणपत्रिकेत कोणी घालणार नाही.

जाहिरात लिहिणाऱ्यांनी ‘पफरी’ हा शब्द नीट समजून घ्यावा, कारण त्याला कायद्याची बाजू आहे. ‘खान्देशातील सर्वांत चविष्ट भरीत’ ही पफरी झाली, कारण चव कोणी मोजू शकत नाही आणि गिऱ्हाईकही ती बढाई म्हणूनच वाचते. ‘शंभर टक्के शुद्ध शेंगदाणा तेल’ ही पफरी नव्हे; तो तपासता येण्याजोगा दावा आहे आणि खोटा ठरल्यास 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती दिशाभूल करणारी जाहिरात होऊ शकते. इंग्लंडमधील कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने आपले उत्पादन सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाल्यास 100 पौंड देण्याची जाहिरात केली होती. पुढे ती केवळ बढाई होती असा तिने बचाव केला. मात्र बँकेत 1000 पौंड ठेवल्याचे जाहिरातीतच लिहिलेले असल्याने न्यायालयाने तो 1892 साली फेटाळला.

आपोआप होणाऱ्या आवाजाचे शब्द तुलनेने सोपे आहेत. भाजीबाजारातील पहाटेचा गलका म्हणजे ‘हबब’. आरडाओरड वाढून कोणाचे कोणाला ऐकू येईनासे झाले, की ‘हलबलू’. विधानसभेतील गदारोळाला भारतीय वृत्तपत्रे ‘रकस’ म्हणतात; क्षुल्लक कारणावरून वाद पेटला तर ‘ब्रूहाहा’, आणि तो पेल्यातच विरला तर ‘कर्फफल’.

कार्तिकी एकादशीला जळगावात निघणाऱ्या श्रीराम रथोत्सवाची बातमी लिहिताना यांपैकी एकही शब्द चालणार नाही. सनई-चौघडा, जयघोष आणि रथाच्या चाकाला मोगरी (थोपवायचा लाकडी ठोकळा) लावणाऱ्यांची लगबग यांना ‘हलबलू’ म्हणणे भाविकांचा अवमान ठरेल. तेथे ‘फॅनफेअर’ योग्य आहे, कारण त्याचा मूळ अर्थच तुताऱ्यांची सलामी असा आहे. ‘विथ ग्रेट फॅनफेअर’ म्हणजे मोठ्या थाटात आणि ‘विदाउट फॅनफेअर’ म्हणजे गाजावाजा न करता, हे दोन्ही प्रयोग निर्धास्त वापरावेत.

व्याकरणात एकच खोच आहे. हाइप, बॅलिहू, हूपला आणि रॅझमटॅझ हे शब्द सहसा मोजले जात नाहीत, म्हणून हाइपच्या आधी एकवचनी ‘अ’ लावू नये. रकस, ब्रूहाहा आणि कर्फफल यांच्याआधी मात्र तो लावावा. हाइपनंतर ‘अराउंड’ येते, ब्रूहाहानंतर ‘ओव्हर’. आणि सूत्रसंचालकांनी ‘विदाउट फर्दर अडू’ (आता आणखी वेळ न दवडता) लिहिताना शेवटी निरोपाचा ‘अद्यू’ लिहू नये. अनेक छापील कार्यक्रमपत्रिकांत तो दिसतो, आणि मग पाहुणे व्यासपीठावर येण्याआधीच त्यांना निरोप दिल्यासारखे होते.