फेच केलं, पण डेटा पोचलाच नाही? ब्राउझरमधून सर्व्हरला माहिती पाठवताना या चुका टाळा

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (कोडचे संदेश छापणाऱ्या खिडकीत) नाव, फोन, रक्कम सगळं नीट छापून येतं आणि सर्व्हरवर मात्र हाती शून्य. अशा वेळी बहुतेक जण सर्व्हरचा कोड उघडतात आणि तासभर तिथेच उकरत बसतात. माझं म्हणणं असं की कोडला हात लावण्याआधी एफ-१२ दाबून ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये ती रिक्वेस्ट (ब्राउझरने सर्व्हरला पाठवलेली मागणी) शोधा आणि ब्राउझरमधून प्रत्यक्षात काय बाहेर पडलं ते वाचा. क्रोममध्ये हेडर्स आणि पेलोड हे दोन टॅब शेजारीशेजारी असतात. हेडरमध्ये कंटेंट-टाइप (मजकुराचा प्रकार सांगणारी चिठ्ठी) काय लिहिलाय, पेलोडमध्ये (म्हणजे पाठवलेल्या डेटात) मजकूर कोणत्या रूपात आहे, आणि सर्व्हर त्याच रूपाची वाट बघतोय का, एवढ्या तीन गोष्टी तपासायच्या. खालच्या बहुतेक भानगडी तिथेच सापडतात.

पीएचपीच्या आत जावास्क्रिप्टचं व्हेरिएबल

नवशिक्यांचा हा ठरलेला प्रश्न. एकाच फाइलमध्ये वर जावास्क्रिप्टचा स्क्रिप्ट टॅग, खाली पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा). मग वरचं व्हेरिएबल खाली का मिळत नाही? कारण पान ब्राउझरपर्यंत येतं तेव्हा पीएचपीचं काम आटोपलेलं असतं. जावास्क्रिप्ट चालू होते ती त्यानंतर, दुसऱ्याच मशीनवर. त्यामुळे नवी रिक्वेस्ट पाठवण्याला पर्याय नाही. फॉर्म सबमिट करा, फेच (जावास्क्रिप्टमधून रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) वापरा किंवा यूआरएलला पॅरामीटर जोडा.

जेसन पाठवलं आणि पोस्ट ॲरे रिकामा

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही. फेचमध्ये मेथड पोस्ट दिली, बॉडीत (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या मजकुरात) जेसन (डेटा लिहिण्याचा मजकुरी साचा) घातलं, पेलोडमध्येही ते स्वच्छ दिसतंय. तरी पीएचपीचा पोस्ट ॲरे रिकामा. दोष पीएचपीचा नाही. तो ॲरे फक्त दोन प्रकारच्या बॉडीसाठी भरला जातो: साध्या फॉर्मची यूआरएल-एन्कोडेड आणि फाइल अपलोडची मल्टिपार्ट. जेसन आलं तर कच्चा इनपुट स्ट्रीम स्वतः वाचून जेसन-डिकोड करावा लागतो.

एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या सर्व्हर फ्रेमवर्कमध्ये हाच प्रकार वेगळ्या वेषात भेटतो. जेसन वाचणारं मिडलवेअर (रिक्वेस्ट वाटेत हाताळणारा कोड) लावलं नसेल तर बॉडी अनडिफाइन्ड येते. मिडलवेअर लावलंय, पण राउट्सच्या (पत्त्यानुसार उत्तर देणाऱ्या कोडच्या) खाली लावलंय, असंही सर्रास दिसतं. वरून खाली जाणारी रिक्वेस्ट तिथवर पोचायच्या आतच राउट तिला उत्तर देऊन मोकळा होतो. पायथनच्या फ्लास्क फ्रेमवर्कमध्ये जेसन पाठवून फॉर्ममधून वाचायला गेलात तर काहीच मिळणार नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे हेडर विसरणं. फेचला नुसती स्ट्रिंग दिली की तो कंटेंट-टाइप स्वतःच टेक्स्ट-प्लेन असा लावतो. मजकूर जेसनच आहे, पण वर चिठ्ठी साध्या मजकुराची. एक्सप्रेस तो उघडूनही बघत नाही, फ्लास्कच्या नव्या आवृत्त्या ४१५ (हा प्रकार चालत नाही) असा एरर कोड देऊन मोकळ्या होतात. आणि स्ट्रिंगिफाय न करता, म्हणजे जेसन स्ट्रिंग न बनवता, ऑब्जेक्ट तसाच बॉडीत घातलात तर पेलोडमध्ये चौकटी कंसात 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट' एवढंच दिसेल. तुमचा डेटा घराबाहेरच पडलेला नाही, सर्व्हरचे लॉग चाळून उपयोग काय?

फॉर्म-डेटा (फॉर्मचे रकाने आणि फाइल्स पाठवणारा ऑब्जेक्ट) वापरताना मात्र उलटा नियम: कंटेंट-टाइप हाताने लिहायचा नाही. मल्टिपार्टमध्ये दोन भाग वेगळे करणारी एक खूण असते, तिला बाउंडरी म्हणतात, आणि ती ब्राउझर दरवेळी नव्याने ठरवून हेडरमध्ये घालतो. तुम्ही नुसतं मल्टिपार्ट लिहिलंत की ती खूण गळते आणि सर्व्हरला भाग कुठे संपतो ते कळत नाही. जेसनच्या वेळी हेडर लिहायची सवय लागलेली असते, म्हणून नेमके अनुभवी लोक इथे अडकतात.

प्लसचं चिन्ह गेलं कुठे?

फोन नंबर +९१ ने सुरू होतो आणि डेटाबेसमध्ये मात्र ९१ च्या आधी एक स्पेस. यूआरएलच्या क्वेरीत (प्रश्नचिन्हानंतरच्या भागात) प्लसचा अर्थ स्पेस असाच घेतला जातो, म्हणून हा घोळ. & आलं तर व्हॅल्यू तिथेच तुटते: 'जोशी & सन्स' मधले सन्स वेगळा पॅरामीटर बनतात. # नंतरचा भाग तर सर्व्हरकडे जातच नाही, तो ब्राउझर स्वतःकडे ठेवतो. यूआरएल प्लसने स्ट्रिंगा जोडून बनवणं सोडा, यूआरएल-सर्च-पॅराम्स वापरा. एन्कोडिंगची सगळी काळजी तो घेतो.

मराठी मजकुराबाबत आणखी एक हिशोब. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, आणि यूआरएलमध्ये प्रत्येक बाइटची ३ अक्षरं होतात. 'पुणे' या शब्दात मात्रा धरून ४ चिन्हं, म्हणजे १२ बाइट, म्हणजे यूआरएलमध्ये ३६ अक्षरं. पूर्ण पत्ता किंवा तक्रारीचा मजकूर गेट रिक्वेस्टमधून, म्हणजे यूआरएलमध्येच घालून, पाठवाल तर यूआरएल बघता बघता फुगते. असा मजकूर पोस्टनेच पाठवा.

मराठी अंक आणि एक दिवस मागे गेलेली तारीख

मराठी कीबोर्ड वापरणारा माणूस रकमेच्या रकान्यात देवनागरीत १२५० लिहितो. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन त्यावर नॅन (नॉट अ नंबर) देतं. नॅन जेसनमध्ये बसत नाही, म्हणून स्ट्रिंगिफाय त्याच्या जागी नल लिहितं. एरर कुठेच नाही, सर्व्हरवर नल. हीच स्ट्रिंग न बदलता पीएचपीकडे गेली आणि तिथे इंटिजर केली तर ० मिळतो, पायथनचं इंट मात्र ती बिनबोभाट १२५० म्हणून घेतं. म्हणजे एकच फॉर्म, एकच माणूस, आणि सर्व्हरची भाषा बदलली की रक्कम बदलली! मराठी वापरकर्त्यांसाठी फॉर्म करत असाल तर पाठवण्याआधी देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्या आणि सर्व्हरवर पुन्हा तपासा. खूप साइट्स हे करत नाहीत आणि वर 'योग्य रक्कम भरा' असं लाल अक्षरात सुनावतात, ते मला उद्धट वाटतं.

आता तारीख. वापरकर्त्याने १५ ऑगस्ट २०२५ निवडली. कॅलेंडरच्या बऱ्याच लायब्ऱ्या त्या दिवसाच्या स्थानिक मध्यरात्रीचा डेट ऑब्जेक्ट देतात. तो स्ट्रिंगिफायमधून गेला की यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत बदलतो. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून जेसनमध्ये १४ ऑगस्ट, १८:३० असं जातं. सर्व्हरने पहिली १० अक्षरं कापून तारीख म्हणून साठवली, की प्रत्येकाचा जन्मदिवस एक दिवस अलीकडे. जन्मतारीख, सुट्टीची तारीख यांना वेळ नसतेच. त्या वर्ष-महिना-दिवस अशा साध्या स्ट्रिंगने पाठवा. डेट प्रकारचं इनपुट अशीच स्ट्रिंग देतं, तिचा उगाच डेट ऑब्जेक्ट करू नका.

बँकेचा खाते क्रमांकही स्ट्रिंगच ठेवा. नंबर केला की सुरुवातीची शून्यं उडतात, आणि जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांक अचूक धरून ठेवण्याची हमी देत नाही. तो आकडा १६ अंकी आहे. त्याहून लांब आयडी वापरणाऱ्यांनी सावध राहावं.

फॉर्मचे छोटे हट्ट

इनपुटला आयडी आहे पण नेम नाही, तर ते फॉर्मबरोबर जात नाही. डिसेबल्ड केलेलं जात नाही, रीड-ओन्ली जातं. टिक न केलेला चेकबॉक्स 'नाही' असं सांगत नाही, तो गैरहजरच असतो. आणि फॉर्ममधून आलेला 'फॉल्स' ही पाच अक्षरी स्ट्रिंग असते, पीएचपी तिला खरं मानतं.

मधल्या मधे गळती

रिक्वेस्ट पोस्ट म्हणून निघाली आणि सर्व्हरवर गेट म्हणून आली, बॉडी गायब, असं दिसलं तर रीडायरेक्ट (सर्व्हरने दुसऱ्या पत्त्याकडे ढकलणं) शोधा. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर ढकलणारा ३०१ हा नेहमीचा संशयित. ३०१ किंवा ३०२ आलं की ब्राउझर पोस्टचं गेट करतो. ३०७ आणि ३०८ मध्ये मेथड आणि बॉडी टिकते. सोपा उपाय म्हणजे फेचमध्ये पहिल्यापासून अंतिम पत्ता लिहिणं.

मोठा डेटा असेल तर मर्यादा बघा. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये १ एमबीच्या वरची बॉडी ४१३ देऊन परत पाठवतो, एक्सप्रेसचं जेसन मिडलवेअर १०० केबीलाच थांबतं. पीएचपीची तऱ्हा निराळी: पोस्टची मर्यादा, मूळ सेटिंगमध्ये ८ एमबी, ओलांडली की पोस्ट आणि फाइल्स दोन्ही ॲरे रिकामे येतात आणि तुमचा कोड 'नाव भरा' असं सांगत बसतो.

नेटवर्क टॅबमध्ये रिक्वेस्ट 'कॅन्सल्ड' दिसत असेल तर बहुधा सबमिटच्या हँडलरमध्ये प्रिव्हेंट-डिफॉल्ट (ब्राउझरचं नेहमीचं सबमिट थांबवणारी ओळ) लिहायचं राहून गेलंय. फेच सुरू झालं आणि त्याच क्षणी पान रीलोड झालं. शिवाय फेचचं प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराचं वचन) ४०४ किंवा ५०० आल्यावर रिजेक्ट होत नाही, रिक्वेस्टच पूर्ण झाली नाही, उदाहरणार्थ नेटवर्क तुटलं, तर होतं. रिस्पॉन्सचं ओके तपासल्याशिवाय 'तुमचा अर्ज मिळाला' असं दाखवाल, तर अर्ज कुठेच नसेल आणि माणूस निर्धास्त घरी बसलेला असेल.

पायथनच्या जँगोने ४०३ किंवा पीएचपीच्या लाराव्हेलने ४१९ दिला तर बहुधा सीएसआरएफ टोकन (रिक्वेस्ट तुमच्याच पानावरून आल्याची खूण) पाठवायचं राहून गेलंय. ते तपासणंच बंद करून टाका, असा सल्ला कुणीतरी देतंच. ऐकू नका.

आलेल्या आकड्यावर विश्वास

दुकानाच्या पानावर किंमत हिडन इनपुटमध्ये ठेवून ती सर्व्हरला पाठवणं ही चूक डेटा पोचत असतानाच होते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तोच एफ-१२ दाबून ग्राहकही २५०० च्या जागी २५ लिहू शकतो, आणि जावास्क्रिप्टमधली तपासणी पूर्ण टाळून थेट सर्व्हरला रिक्वेस्ट मारू शकतो. ब्राउझरकडून फक्त वस्तूचा आयडी आणि नग घ्या, किंमत डेटाबेसमधून काढा, बेरीज सर्व्हरवर करा. आणि नग शून्यापेक्षा मोठा आहे ना, तेही बघा. उणे ३ नग पाठवून एकूण बिल कमी करणारे महाभाग असतात.