लठ्ठ मांजराला खाणं सोसत नसेल तर त्याचा आहार कसा ठरवावा

मांजर जाड झालंय आणि वर त्याला खाज सुटतेय किंवा सारख्या उलट्या होताहेत, असं दिसलं की बऱ्याच घरांत एकाच दिवशी दोन गोष्टी होतात: खाण्याचा ब्रँड बदलतो आणि वाटीतलं खाणं निम्म्यावर येतं. मग खाज कशामुळे थांबली, उलट्या कशामुळे वाढल्या, काहीच उमगत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की आधी न सोसणारा पदार्थ शोधावा आणि वजन उतरवायला त्यानंतर घ्यावं.

त्याआधी एक धोका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, तर अंगातली चरबी यकृतात साठून ते जिवावर बेतू शकतं. ‘भूक लागली की खाईल’ हा हिशोब मांजराला लावू नका. नवं खाणं सात ते दहा दिवसांत, जुन्यात थोडं थोडं मिसळत आणा. चोवीस तास तोंडच लावलं नाही, तर पशुवैद्यांना फोन करा.

पहिली पायरी: तपासणी. खाज म्हणजे खाण्याचीच ॲलर्जी असं नसतं. पिसवा आणि गजकर्ण आधी वगळावे लागतात. डोकं, मान, कानांभोवती खाजवणं, पोटावरचे केस चाटून चाटून काढणं, सतत पातळ शी होणं ही लक्षणं असतील, तर खाण्याकडे वळायला हरकत नाही. त्याच भेटीत मांजराचं आदर्श वजन विचारून घ्या. घरी अंदाज घ्यायचा तर बरगड्यांवरून हात फिरवा. हलक्या स्पर्शाने त्या जाणवायला हव्यात.

दुसरी पायरी: दोषी पदार्थ शोधणं. सगळ्यात जास्त वेळ आणि चिकाटी इथे लागते. मांजराने आजवर काय काय खाल्लं, ते लिहून काढा. मांजरांत जास्त आढळणारी ॲलर्जी गोमांस, मासे आणि चिकन यांची. आपल्याकडे त्यातले शेवटचे दोन जवळपास रोजच पोटात जातात. (दुधाने होणारे जुलाब बहुधा वेगळे. मोठ्या मांजराला दुधातली साखर नीट पचत नाही. ॲलर्जी असो वा नसो, दूध बंदच करा.)

आता दोन मार्ग उरतात. पशुवैद्य लिहून देतात ते हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं खाणं हा एक. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर सहसा त्यांना ओळखत नाही. दुसरा मार्ग म्हणजे मांजराने कधीच न खाल्लेलं मांस, उदाहरणार्थ ससा किंवा बदक. दुकानातल्या ‘सिंगल प्रोटीन’ (एकाच प्राण्याचं मांस) पाकिटांवर मात्र विसंबू नका. अशा खाण्यांच्या तपासण्यांत पाकिटावर न लिहिलेलं मांस वारंवार सापडलं आहे. घरी नुसतं मटण उकडून महिनोन्‌महिने देणंही नको. टॉरिन (मांजराला खाण्यातून मिळावंच लागणारं एक अमिनो आम्ल) कमी पडलं तर मांजराच्या डोळ्यांना आणि हृदयाला इजा होते. घरचंच द्यायचं असेल, तर कृती पशुवैद्यांकडून आखून घ्या. कांदा-लसूण त्यात कधीच नको.

हा प्रयोग आठ आठवडे चालवा. पोटाच्या तक्रारी त्याआधीच कमी होतात, त्वचेला वेळ लागतो. या काळात बाकी काही म्हणजे काहीच नको: सुकट नाही, ट्रीट नाही, दुसऱ्या मांजराची वाटी नाही, शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेला माशाचा तुकडाही नाही. जंताच्या औषधाला चव लावलेली असते, तेही विचारून घ्या. फरक पडला की जुनं खाणं मुद्दाम परत द्या. त्रास उलटला तरच निदान पक्कं. रक्ताच्या किंवा लाळेच्या ॲलर्जी चाचण्यांवर खर्च करू नका, त्या भरवशाच्या नाहीत.

या आठ आठवड्यांत खाणं मोजूनच द्या, पण कमी करू नका.

तिसरी पायरी: पाकीट वाचणं. पुढचं चित्र सोडा, मागची यादी पाहा. ‘ट्यूना’ असं ठळक लिहिलेल्या पाउचमध्येही बरेचदा चिकन निघतं. किलोकॅलरी छापलेल्या नसतील, तर अंदाज काढता येतो. शंभरातून प्रथिनं, चरबी, तंतू, राख (म्हणजे खनिजं) आणि पाणी यांचे टक्के वजा करा. उरतील ती कर्बोदकं. प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येकी 3.5 ने, चरबी 8.5 ने गुणून बेरीज करा. 100 ग्रॅममधल्या किलोकॅलरी मिळतात. वजन उतरवताना स्नायू टिकायला हवेत, म्हणून प्रथिनं भरपूर आणि चरबी कमी असलेलं निवडा. पाउचमध्ये पाणी जास्त असल्याने तेवढ्याच किलोकॅलरीत मांजराचं पोट जास्त भरतं.

चौथी पायरी: मोजून वाढणं. समजा, मांजर 6 किलोचं आहे आणि असायला हवं 4.5 किलोचं. सुरुवातीला त्याला दिवसाला साधारण 175 किलोकॅलरी पुरतात. 100 ग्रॅमला 360 किलोकॅलरी असलेलं कोरडं खाणं असेल, तर ते जेमतेम 48 ग्रॅम भरतं. कपाने किंवा मुठीने मोजलं तर इथेच चूक होते, म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. दिवसभराचं खाणं सकाळीच डब्यात काढून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी त्यातूनच द्या. नेहमीचं साधं खाणं नुसतं घटवलं तर जीवनसत्त्वंही घटतात. त्यामुळे वजन कमी करण्यासाठीच बनवलेलं आणि मांजराला सोसणारं खाणं कोणतं, ते पशुवैद्यांना विचारा.

पाचवी पायरी: आठवड्याचं वजन. मांजराला उचलून काट्यावर उभं राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा. बाळांचा काटा मिळाला तर उत्तम. आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे या मांजराचे साधारण 60 ग्रॅम, उतरले की गती ठीक आहे. या हिशोबाने दीड किलोला सहा महिने लागतील. दोन टक्क्यांहून जास्त उतरत असेल तर खाणं वाढवा. तीन-चार आठवडे काटा हललाच नाही, तर आधी घरात चोरून कोण भरवतंय ते पाहा. तसं काही नसेल, तर खाणं दहा टक्क्यांनी कमी करा.