गावच्या सांडपाण्याची व्यवस्था करताना या चुका टाळा

जलजीवन मिशनच्या दरडोई दररोज 55 लिटर या निकषाने 2,000 वस्तीच्या गावाला रोज 1,10,000 लिटर पाणी मिळते आणि त्यातले साधारण 80 टक्के, म्हणजे सुमारे 88,000 लिटर, सांडपाणी होऊन घराबाहेर पडते. एवढे पाणी नुसती गटारे बांधून ओढ्यात सोडले, तर घाण फक्त जागा बदलते. आणि त्याच ओढ्याकाठी गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर असेल, तर ती घाण पुन्हा घागरीत येते.

सर्वांत महागात पडणारी चूक मातीबाबत होते. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारे दगड भरलेले खड्डे, घेऊन चांगला आदर्श घालून दिला. परंतु तो गिरवताना खड्ड्याची लांबी-रुंदी तेवढी उचलून भागत नाही. आपली काळी माती ओली झाली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी मुरणे जवळजवळ थांबते, त्यामुळे काळ्या थरातच संपणारा खड्डा पावसाळ्यात तुंबतो. खड्डा मुरमापर्यंत गेलाच पाहिजे. आधी त्या जागी लहान खड्डा घेऊन तो रात्रभर पाण्याने भिजू द्यावा आणि सकाळी पुन्हा पाणी भरून पातळी मोजावी, 2.5 सेंटिमीटर पाणी उतरायला 30 मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल, तर तेथे शोषखड्डा घेऊ नये, सामूहिक तळ्याचा विचार करावा.

चांगल्या जागेतला खड्डाही भांड्यांची राख, केस, शिते आणि तेलकट थर यांनी चोंदतो, म्हणून त्याच्याआधी जाळी बसवलेली गाळाची टाकी हवीच. पाणी या टाकीतच अडले असेल तर दोष पाइपात आहे. पुढे खड्ड्यात उभे असेल तर दगड काढून, धुऊन, खड्डा सुकू द्यावा. खोली वाढवण्याची घाई करू नये.

शौचालयाची सेप्टिक टाकी 2 ते 3 वर्षांनी यंत्राने उपसावी. टाकीत विषारी वायू साचतात, म्हणून माणसाला आत कदापि उतरवू नये. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानेही सुरक्षा साधनांविना अशा सफाईस मनाई आहे.

सामूहिक स्थिरीकरण तळ्याचे, म्हणजे सांडपाणी साठवून ऊन व शेवाळाच्या मदतीने शुद्ध करणाऱ्या तळ्याचे, पाणी हिरवे दिसले की तक्रारी येतात, पण तो शेवाळाचा हिरवेपणा निरोगी असतो, कारण दिवसा शेवाळच पाण्याला प्राणवायू पुरवते. पाणी काळे पडून दुर्गंधी सुटली किंवा त्यावर गुलाबी छटा आली, तर तळ्यावर झेपेल त्याहून अधिक भार पडला आहे किंवा तळाशी गाळ साचला आहे, असे समजावे. जलपर्णीने पृष्ठभाग झाकला असेल तर ऊन आत पोहोचत नाही, ती वेळच्या वेळी काढावी. पाणी येण्याची व जाण्याची तोंडे जवळजवळ ठेवणे हीही चूकच, कारण त्यामुळे पाणी तळ्यात पुरेसे न थांबता सरळ निघून जाते. तळ्याला नुसत्या काळ्या मातीचा बांध घातला, तर तो उन्हाळ्यात तडकतो.

दुष्काळी भागात हे पाणी पुन्हा वापरलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मात्र ते चारा व झाडांना द्यावे, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबिरीला किंवा मुळ्याला नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने सिंचनाच्या अशा पाण्यात एका लिटरमागे जंताचे एकाहून अधिक अंडे नसावे, असे सुचवले आहे. साबणातील सोडियम साचून काळी जमीन चोपण, म्हणजे घट्ट व पाणी न मुरणारी, होऊ शकते, म्हणून त्याच शेतात सतत पाणी न सोडता पाळी बदलावी आणि दरवर्षी माती तपासून घ्यावी.