त्रिउंडला एकट्याने जाताना

हिमाचलमधल्या मॅक्लिओडगंजहून त्रिउंडचा डोंगरमाथा (सुमारे 2,850 मीटर) एका दिवसात जाऊन-येऊन होतं, तरी एकट्याने जाणाऱ्याने पहिला दिवस गावातच काढावा. पठाणकोटहून थेट येऊन लगेच चढायला लागलात, तर डोकं दुखतं आणि पाय लवकर थकतात.

गल्लू देवीच्या मंदिरापासून सकाळी 7 पर्यंत निघा. चढाईला 3 ते 4 तास धरा. शेवटची वळणं सगळ्यांत खडी, तिथे दम राखून चाला. धौलाधार डोंगररांगेवर दुपारनंतर ढग चटकन जमतात, गाराही पडतात, म्हणून 1 वाजता असाल तिथून परत फिरा. माथा राहिला तरी चालेल. वीज कडाडत असेल तर उघड्या धारेवर क्षणभरही थांबू नका.

पाणी खालूनच 2 लिटर न्या. वाटेतल्या टपऱ्या बंद असू शकतात. स्वेटर सुती नको, लोकरीचा हवा: घामाने ओला झालेला सुती कपडा थंडीत अंग गारठवतो. जुलै-ऑगस्ट टाळाच.

सगळ्यांत महत्त्वाचं: वाट आणि परतायची वेळ कागदावर लिहून मुक्कामाच्या ठिकाणी द्या, आणि ‘संध्याकाळी 6 पर्यंत आलो नाही तर 112 ला फोन करा’ असं स्पष्ट सांगा.